सर्व्हर हलवायच्या रात्री पोर्टवर लक्ष ठेवायचंय? संध्याकाळीच एवढं करून ठेवा

शनिवारी रात्री काम असेल तर हे सगळं संध्याकाळीच लावून ठेवा, बारा वाजता हिंजवडीच्या ऑफिसात कमांड शोधत बसायला नको. आधी कुठले पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रत्येक सर्व्हिसचे नंबर दिलेले दरवाजे, बघायचे ते लिहून काढा, वेबसाइटचा ४४३, लांबून लॉगिन करायच्या एसएसएचचा २२, पोस्टग्रेस डेटाबेसचा ५४३२, आणि शेजारी आयपी पण लिहा, कारण त्याच रात्री डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी नोंद, बदलणार असेल तर नुसत्या नावाने आपण जुन्याच मशीनला विचारत राहतो. पिंगवर विसंबू नका, पिंगला पोर्ट कळतच नाही, मशीन जागी आहे एवढंच ते सांगतं.

नेटकॅट, म्हणजे पोर्टला जोडून बघणारी कमांड (nc), टाकलेलं आहे का बघा. त्याला झेड (-z) द्यायचा म्हणजे डेटा न पाठवता फक्त कनेक्शन लागतंय का बघतो, व्ही (-v) दिला की निकाल दाखवतो, आणि डब्ल्यू २ (-w 2) म्हणजे दोन सेकंदांच्या वर थांबायचं नाही. डब्ल्यू विसरलात आणि मधल्या फायरवॉलने पॅकेट गिळलं तर लिनक्सवर एकेक फेरी दोन-दोन मिनिटं अडकते, आणि नेमकं हवं तेव्हाच काही दिसत नाही. परत परत चालणाऱ्या व्हाइल लूपमध्ये आधी वेळ छापणारं डेट, मग नेटकॅट, मग एक सेकंद थांबणारं स्लीप १, आणि सगळं टी (tee, पडद्यावर दाखवून फाइलमध्येही लिहिणारी कमांड) लावून फाइलमध्ये. इथे एक गोष्ट माझी स्वतःची रात्र खाऊन गेलीय, नेटकॅटचा निकाल स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या वेगळ्या वाटेने येतो, तो नेहमीच्या आउटपुटमध्ये वळवला नाही तर सकाळी फाइलमध्ये नुसत्या वेळा सापडतात.

लूप त्याच सर्व्हरवर चालवू नका, सर्व्हिस फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्या मशीनच्या आतूनच, ऐकत असेल तर आतून सगळं छानच दिसतं. जिथून ॲप जोडतं तिथून चालवा, आणि तिथेच टीमक्समध्ये (आपली जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम, tmux), कारण पावसात कोथरूडला घरची लाइट गेली, वायफाय गेलं तरी लूप चालू राहिला पाहिजे. विंडोज असेल तर पॉवरशेलचं टेस्ट-नेटकनेक्शन आहे, जरा हळू पण चालतं.

टीममध्ये सगळ्यांना एक फरक आधीच सांगून ठेवा, रिफ्यूज्ड (कनेक्शन नाकारलं) आलं तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलोय पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये, म्हणजे सर्व्हिस बघायची, आणि टाइमआउट आला तर उत्तरच नाही, मग फायरवॉल, राउटिंग नाहीतर मशीनच बंद. हे माहीत नसलं की डेटाबेसवाले आणि नेटवर्कवाले रात्रभर एकमेकांकडे बोट दाखवतात.

निघायच्या आधी टेस्ट सर्व्हरवर सर्व्हिस मुद्दाम बंद करा, लूपमध्ये लगेच रिफ्यूज्ड दिसलं की परत चालू करा आणि मग जेवायला जा.