एफएफएमपेगनं जुनी फाईल पुसू नये म्हणून काय करायचं

आमच्याकडं परभणी जिल्ह्यात सप्ता बसला की सातही दिवस कीर्तनाचं शूटिंग होतंय, मग त्या जीबीजीबीच्या फायली बारीक करून गावच्या ग्रुपवर टाकायच्या, हे काम मी एफएफएमपेगवर करतो, म्हणजे कमांड टाईप करून व्हिडिओ बदलायचा प्रोग्राम. गेल्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाची तयार फाईल होती, आवाज जरा वाढवावा म्हणून त्याच नावावर परत एनकोड लावलं (म्हणजे व्हिडिओ नव्यानं तयार करायला लावला) अन मधीच लाईट गेली. जुनी बी गेली, नवी बी अर्धवट. लई वाईट वाटलं.

त्या नावाची फाईल आधीच असली तर एफएफएमपेग विचारतं, ओव्हरराईट करू का. नुसतं एंटर दाबलं तर नाही असं धरतं. कमांडमधे हायफन वाय टाकलं तर न विचारता लिहितं, हायफन एन टाकलं तर फाईल बघून तिथंच थांबतं. आता हे नीट ध्यानात घ्या, हायफन वाय दिल्यावर जुनी फाईल नवी तयार झाल्यावर जात नाही, लिहायला सुरुवात झाली की लगेच रिकामी होते.

मग हायफन एन बरं, असं वाटतंय, पण त्यात बी एक खड्डा आहे. लाईट गेल्यावर अर्धी फाईल त्याच नावानं पडून राहते, दुसऱ्यांदा चालवलं की एफएफएमपेग म्हणतं फाईल तर आहे, अन सोडून देतं. अन एमपीफोरची सूची, म्हणजे फाईलीत काय कुठं आहे त्याची नोंद, बहुतेक वेळा शेवटी लिहिली जाते, त्यामुळं ती अर्धी फाईल चालतच नाही.

म्हणून मी असं करतो. आधी बघायचं, जे खरं नाव शेवटी द्यायचंय त्या नावाची फाईल आहे का, असली तर तिला सोडून पुढं जायचं. नसली तर आऊटपुटला कच्चं नाव द्यायचं, जसं कच्चा_काला.एमपीफोर, शेवटचं एमपीफोर तसंच ठेवा कारण फॉरमॅट त्यावरूनच ओळखला जातो. इथं हायफन वाय बिनधास्त टाका, कच्ची फाईल पुसली तरी काही जात नाही. त्याच ओळीत पुढं दोन अँड (&&) अन मग नाव बदलायची कमांड, म्हणजे एनकोड नीट संपलं तरच खरं नाव लागतं. लिनक्सवर एमव्ही हायफन एन, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधे रेन, दोन्ही आधीच्या फाईलवर लिहित नाहीत.

यादीतून एकेक नाव वाचून लूप चालवत असाल तर हायफन नोएसटीडीआयएन टाकाच, नाहीतर एफएफएमपेग यादीतली अक्षरं कीबोर्डची समजून खातं अन नावं तुटतात.

अन कॅमेऱ्यातली मूळ फाईल डिलीट करायच्या आधी एफएफप्रोबनं (एफएफएमपेगसोबतच येणारा, फाईलची माहिती दाखवणारा प्रोग्राम) दोन्हींचा वेळ जुळवून बघा, नवी फाईल शेवटच्या पाच मिनिटांत नेऊन कानानं ऐका.