दत्तक गेलेलं सख्खं भावंड शोधायचंय? सुरुवात स्वतःच्या फाईलपासून करा

आपण स्वतः दत्तक असतो, आणि मोठेपणी कधीतरी कळतं की आपल्यासोबतच किंवा आपल्या पाठीवर अजून एक जण जन्माला आला होता आणि तो दुसऱ्याच घरी दत्तक गेला, आणि मग डोकं शांत राहत नाही. अशा वेळी पहिलं मनात येतं ते फेसबुकवर फोटो टाकणं. प्लीज, ते सगळ्यात शेवटी करा किंवा करूच नका, कारण आपल्याकडे कित्येक घरांत मुलाला दत्तक असल्याचं सांगितलेलंच नसतं. तुमच्या पोस्टवरून एखाद्याला चाळिशीत हे कळावं, तेही शेजाऱ्याकडून, असं नको ना.

भावंडाची दत्तकाची फाईल तुम्हाला मिळणार नाही, ती गोपनीय असते आणि असायलाच हवी. पण स्वतःची माहिती मागायचा हक्क तुम्हाला आहे. दिल्लीचं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे कारा, त्यांच्या नियमांत याला रूट सर्च म्हणतात. १८ पूर्ण असतील तर एकट्याने अर्ज करता येतो, त्याखालच्यांनी दत्तक आईवडिलांसोबत करायचा. तिसऱ्या माणसाने तुमच्या वतीने शोध घ्यायला परवानगी नाही, त्यामुळे "पैसे द्या, महिन्यात शोधून देतो" म्हणणाऱ्या एजंटपासून लांबच राहा. अर्जासोबत, ज्या संस्थेतून तुम्ही दत्तक गेलात त्या संस्थेलाही वेगळं पत्र द्या, आणि जमलं तर स्वतः जाऊन भेटा. समोर बसलेल्या माणसासाठी कपाट उघडलं जातं, ईमेल पडून राहतो.

फाईल मिळाली की काय बघायचं? आईने स्वतः सोपवलं असेल तर त्यागपत्र असतं, त्यात कधीकधी आधीच्या बाळंतपणांचा उल्लेख सापडतो. हॉस्पिटलची प्रसूतीची नोंद असेल तर जुळं होतं का ते बघा. आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या लेखी संमतीशिवाय ते मिळत नाही, आणि सोडून दिलेलं बाळ असेल तर कुठे, कसं सापडलं एवढंच कळतं. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, पण तेव्हाही आणि त्याआधीही परदेशी आईवडील मूल न्यायचे ते बहुतेक वेळा १८९० च्या पालकत्व कायद्याखाली कोर्टाचा आदेश घेऊन, म्हणजे पुण्या-मुंबईहून हॉलंड, स्वीडन, अमेरिकेला गेलेल्यांनी संस्थेत काही मिळालं नाही तर कोर्टाचं रेकॉर्डही मागावं. तिथे कधीकधी संस्थेपेक्षा जास्त कागद असतात.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, जन्मतारखेवर आंधळा विश्वास ठेवू नका. सापडलेल्या बाळाची तारीख डॉक्टर अंदाजाने लावतात, नाव संस्थेने ठेवलेलं असतं आणि दत्तकानंतरच्या जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून दत्तक आईवडीलच असतात. त्यामुळे तारीख जुळली नाही म्हणून "हा माझा भाऊ नाहीच" असं ठरवू नका.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. संस्थेला आणि काराला लेखी देऊन ठेवा की माझं कुणी भावंड कधीही विचारत आलं तर माझा फोन नंबर, ईमेल त्याला द्यायला माझी संमती आहे, आणि हे पत्र माझ्या फाईलला लावा. पोच घ्या. पत्ता बदलला की पुन्हा कळवा. दुसऱ्या बाजूनेही कुणी शोधत असेल तर हे एक पत्र पुरेसं ठरू शकतं.

डीएनए टेस्टचं म्हणाल तर ती कुठल्या यादीशी जुळवली जाते त्यावर सगळं अवलंबून. दोघंही परदेशात वाढले असतील तर अँसेस्ट्री, मायहेरिटेज अशा डीएनए साइट्सवर गाठ पडायची शक्यता बरी, एक जण सांगली-सोलापुरात असेल तर फार कमी, कारण आपली माणसं त्या यादीत जवळजवळ नाहीतच. एका साइटचा डेटा जेडमॅचवर, म्हणजे वेगवेगळ्या साइट्सवरचे डीएनए एकमेकांशी जुळवणाऱ्या साइटवर, चढवता येतो, तेही करा. सख्ख्या भावंडांचा साधारण ५० टक्के डीएनए जुळतो, सावत्रांचा २५ च्या आसपास, पण काका-मामांचाही तेवढाच, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न व्हायची पद्धत कित्येक घरांत असल्यामुळे लांबचं नातं जवळचं दिसू शकतं. रिपोर्ट आला की लगेच राखी विकत घेऊ नका, जाणकाराला दाखवा.

पत्ता लागला तरी थेट दारात जाऊ नका. संस्थेच्या किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेविकेला आधी विचारायला सांगा. मेसेज तुम्हालाच करायचा असेल तर "मी तुमची बहीण" असं पहिल्याच ओळीत नको, आपलं नाव, गाव सांगा आणि "एका घरगुती विषयावर बोलायचंय, तुम्ही एकटे असाल तेव्हा फोन करू का" एवढंच. उत्तर आलं नाही तर थांबा. फार जड जातं, माहितीये, पण पाठोपाठ मेसेज टाकले की माणूस ब्लॉक करतो. आपल्या दत्तक आईबाबांनाही आधी सांगून ठेवा, त्यांना बाहेरून कळलं तर "आम्ही कमी पडलो का" हाच विचार येतो.

आणि समोरच्या घरी पहिली भीती असते ती प्रॉपर्टीची. ते विचारायच्या आधीच सांगून टाका की १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे दत्तक गेलेल्या मुलाचं जन्मघराशी कायदेशीर नातं संपतं, दत्तकाच्या आधीच त्याच्या नावावर झालेलं काही असेल तर ते सोडून वारसाहक्क उरत नाही. आम्ही फक्त भेटायला आलोय, हे एवढं स्पष्ट बोललं की चहा पुढे येतो आणि मग खरी विचारपूस सुरू होते, कुणाला डायबेटिस आहे, कोण डावखुरं आहे, आईचं गाव कुठलं.