ठाणे-नवी मुंबईच्या लोकलने बाबागाडी घेऊन जाताना

लोकलच्या डब्यात बाबागाडी उघडी चढवू नका. मधल्या स्टेशनात लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. प्लॅटफॉर्म आणि डबा यांच्यात फट असते आणि पुढची फिरती छोटी चाकं नेमकी तिच्यात अडकतात. त्यामुळे बाबागाडी स्टेशनापुरती वापरायची आणि लोकलमध्ये बाळाला कॅरियरमध्ये छातीशी बांधायचं. कॅरियर नसेल तर बाबागाडी घरीच ठेवलेली बरी. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात मिटलेली बाबागाडी असली की दांडा धरायला हातच उरत नाही.

बाबागाडी ६-७ किलोच्या आतली, एका हाताने मिटणारी आणि मिटल्यावर लॉक होणारी हवी. भली मोठी बाबागाडी तलावपाळीला फेरी मारायला छान, पण स्टेशनच्या पुलावर ती दोघांनाही जड जाते.

ठाण्यात आधी कुठली लोकल पकडायची ते ठरवा आणि मगच रिक्षावाल्याला पूर्व की पश्चिम ते सांगा. पश्चिमेकडून आलात तर १ नंबरचा प्लॅटफॉर्म समोरच लागतो. ९, १० आणि १०ए हे ट्रान्स-हार्बरचे, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या मार्गाचे, प्लॅटफॉर्म पूर्वेच्या टोकाला आहेत. ऐरोली, वाशी किंवा पनवेलला जायचं असेल आणि तुम्ही पूर्वेच्या कोपरीच्या बाजूने येऊ शकत असाल तर अख्खा पूल ओलांडायचा त्रास वाचतो. मात्र पश्चिमेकडच्या घोडबंदरहून येऊन केवळ त्यासाठी तीन हात नाक्यावरून वळसा घालण्यात अर्थ नाही, वाचलेला वेळ ट्रॅफिकमध्ये जातो. टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बसने आलात तर सॅटिसच्या, म्हणजे पश्चिमेला स्टेशनबाहेर बांधलेल्या उंच पुलाच्या, वरच्या डेकवर उतरता, म्हणजे पुलापर्यंतची चढण आधीच झालेली असते. रिक्षा खालीच सोडते.

पुलावर जायला लिफ्ट शोधा आणि तिच्या रांगेसाठी दहा मिनिटं जास्तीची धरा. लिफ्ट बंद असेल तर जिना आहेच, पण त्याआधी बाळ कॅरियरमध्ये आणि बाबागाडी मिटलेली हवी. बाळ आत बसलेलं असताना दोघांनी दोन बाजूंनी उचलून जिना उतरणं सर्रास दिसतं. ते करू नका. पुढच्या माणसाला पायरी दिसत नाही आणि मागून गर्दी रेटत असते. सरकत्या जिन्यावरही उघडी बाबागाडी नको, पायरी बदलताना चाक सरकतं.

प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीपासून चांगलं मागे थांबा. बाबागाडी रुळांना समांतर उभी करा, ब्रेक लावा आणि बाळाचा पट्टा बांधलेलाच ठेवा. पाणी वाहून जावं म्हणून प्लॅटफॉर्मला किंचित उतार असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, चाकांना बरोबर कळतो.

इंडिकेटरवर लोकल तीन-चार मिनिटांवर आली की आवराआवर सुरू करा, जिन्याच्या तोंडाशी नाही तर मोकळ्या जागी. बाबागाडीच्या दांड्याला अडकवलेली पिशवी सगळ्यात आधी काढायची. ती तशीच राहिली आणि बाळ उचललं, की पुढचं वजन जातं आणि बाबागाडी मागे उलटते. दुधाच्या बाटलीसकट! खालच्या जाळीतलं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये टाका, बाळ कॅरियरमध्ये घाला, बकल ओढून बघा आणि मग बाबागाडी मिटवा. लॉक जुनं असेल तर वरून एक पट्टा बांधा. ऐन गर्दीत उघडलेली बाबागाडी कुणाच्या तरी पायात जाते.

चढताना बाळवाली व्यक्ती आधी, बाबागाडी तिच्या मागून. एकट्या असाल तर शेजारच्या बाईला आधीच सांगून ठेवा, ‘ताई, एवढी जरा वर द्याल का?’ लेडीज डब्यात बहुतेकदा कुणी नाही म्हणत नाही. लोकल सुटायला लागली तर बाबागाडी खालीच राहू द्या, नंतर स्टेशन मास्तरकडे चौकशी करता येते. आई लेडीजमध्ये आणि बाबा जनरलमध्ये असतील तर बाबागाडी बाबांकडे द्या, आणि उतरल्यावर कुठल्या पुलाखाली भेटायचं ते आधीच ठरवा. दिव्यांगांच्या डब्यात गर्भवतींना मुभा आहे, पण नुसतं बाळ सोबत आहे म्हणून तिथे चढता येत नाही.

आत शिरल्यावर दारातली जागा अडवू नका. मिटलेली बाबागाडी वरच्या रॅकवर किंवा सीटच्या मधे खिडकीकडे उभी ठेवा.

ट्रान्स-हार्बरचा एक मोठा फायदा म्हणजे लोकल ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे चढायला निवांत वेळ मिळतो. मुख्य मार्गावरही मुंबईकडे जाताना ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल मिळाली तर फास्टच्या मागे लागू नका. उलट ट्रान्स-हार्बरने ठाण्यात येताना सावध राहा. परत जाणारी मंडळी जागेसाठी लोकल थांबायच्या आतच उड्या टाकतात. त्या लोंढ्यासमोर बाळ घेऊन दारात उभं राहू नका. सीटवर बसूनच राहा, लोंढा आत आला की मग उतरा. मधल्या स्टेशनवर मात्र आधीचं स्टेशन गेल्यागेल्या दाराकडे सरकायला हवं आणि प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार तेही विचारून ठेवायचं.

सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळा टाळा. सकाळी ऑफिसची गर्दी ठाण्याकडून ऐरोली-वाशीकडेही तेवढीच असते, त्यामुळे ‘आपण मुंबईच्या उलट दिशेला चाललोय’ हा हिशोब ट्रान्स-हार्बरवर चालत नाही. रविवारी गर्दी कमी असते, पण निघण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद आहे का, ते बघा. ब्लॉक असला की फास्ट लोकल स्लो मार्गावर वळवतात, आयत्या वेळी प्लॅटफॉर्म बदलतो आणि मिटलेली बाबागाडी घेऊन पुन्हा पूल चढावा लागतो.

नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी पूल नसून प्लॅटफॉर्मखालून सबवे आहे. म्हणजे आधी उतरायचं, मग चढायचं. बाहेरचा परिसर ऐसपैस असतो, पण खरी अडचण सबवेच्या पायऱ्यांची. रॅम्प किंवा लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते उतरल्यावर लगेच विचारा, नाहीतर प्लॅटफॉर्मची लांबी दोनदा चालावी लागते.

बेलापूर ते पेंधर मेट्रोत, २०२३ पासून सुरू असलेल्या या ११ स्टेशनांच्या मार्गावर, यातलं बरंचसं करावं लागत नाही. लिफ्टने वर जा आणि तिकिटानंतर रुंद गेटमधून आत शिरा. डबा प्लॅटफॉर्मच्या पातळीला असल्याने बाबागाडी उघडीच आत नेता येते. आत ब्रेक लावा आणि ती डब्याला आडवी उभी करा, म्हणजे मेट्रो थांबताना पुढे घरंगळत नाही.

पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर फक्त उघड्यावर लावा, छताखाली आलात की लगेच काढा. उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर दुपट्टा पांघरू नका. आत हवा कोंडते आणि बाळ बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. छत पुढे ओढा आणि सावलीत उभे राहा.