टाकीचा अलार्म मुका झाला, कारण सोल्डर

परभणीत आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून टाकी भरली की बोंबलणारा अलार्म बनवला. पंधरा दिवसांत मुका झाला. बोर्ड पालथा करून पाहिला तर सांधे खरबरीत, ट्रान्झिस्टरचा एक पाय चक्क हलत होता.

मी घाईत बिनशिशाची सोल्डर तार, म्हणजे वितळवून सांधे जोडायची तार, आणली होती. कथील-तांब्याची ती तार २२७ अंशांना वितळते. माझं जुनं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न तिथं दमत होतं. वर शहाणपणा म्हणजे पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) फासलं होतं! तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या.

सगळं जुनं सोल्डर वितळवून शोषपंपानं ओढून काढलं, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासला आणि पोटात राळ असलेली ०.८ मिमीची ६३/३७ तार (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) आणली. ती १८३ अंशांना एकदम वितळते, एकदम गोठते. ६०/४० सुद्धा चालते, पण गोठताना थोडा वेळ लगदा राहते. तेवढ्यात हात हलला की सांधा कच्चा.

यात शिसं आहे, त्यामुळे तार दातात धरायची माझी सवय मोडली. हात धुतल्याशिवाय आई भाकरीला हात लावू देत नाही.

काल पहाटे तीनला पाणी आलं. अलार्म वाजला, शेजारचे काकाही उठले.