‘लय दुखते जी’च्या पुढे

तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेल्या दुखण्यात डॉक्टरला नुसतं ‘लय दुखते जी’ म्हणून भागत नाही. काय अडतं ते सांगा. कापूस वेचताना किती वेळानं कंबर धरते, रात्री कळ कितीदा उठवते, ठणका आहे की आग, की मुंग्या? आग-मुंग्या असतील तर नसेच्या दुखण्याची शंका असते, औषध बहुधा वेगळं लागतं. मेडिकलवरून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत न्याच. डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी रोज खाल्ली तर पोट, किडनी दोन्ही बिघडू शकतात. गावातलं इंजेक्शन, वैदूचा लेप, काही लपवू नका. रागावतील, रागावू द्या. उठण्याआधी एवढं विचारा, ‘डॉक्टरसाहेब, वेचाले कधीपासून जाऊ?’