विकास आराखड्यावर हरकत घेताय? रहिवासी संघांनो, या चुका टाळा

मैदानाभोवती पत्रे ठोकले गेले की संघाची तातडीची बैठक बसते. पण त्या मैदानाचं भवितव्य बहुधा विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी हे सांगणाऱ्या नकाशात, आधीच ठरून गेलेलं असतं. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप (कच्चा) विकास आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते, बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम संघात कुणालाच नेमून दिलेलं नसणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

दुसरी चूक हरकतीच्या मजकुरात होते. "या आराखड्याला आमचा तीव्र विरोध आहे" एवढंच लिहिलं तर समोरचा अधिकारी त्यावर काय करणार? जुना आणि नवा नकाशा शेजारी-शेजारी पसरा. हिरवा (मोकळ्या जागेचा) तुकडा पिवळा (रहिवासाचा) झाला असेल तर लगेच नजरेत भरतो. मग लिहा: "शीट क्रमांक अमुक, सर्व्हे नंबर तमुक. मंजूर आराखड्यात खेळाचं मैदान, प्रारूपात रहिवास विभाग. मैदानाचं आरक्षण कायम ठेवावं. आजच्या वापराचे फोटो सोबत." इतकं पुरतं. मैदान, पाणी, कचरा, पार्किंग सगळं एकाच दहा पानी निवेदनात कोंबू नका, त्यात मैदान हरवतं. मुद्दा वेगळा, हरकत वेगळी.

संघाच्या लेटरहेडवर एक पत्र दिलं की झालं, असंही समजू नका. रहिवाशांनी स्वतःच्या नावानेही हरकती द्याव्यात. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती आल्या, तेव्हा सरकारने तो नव्याने करायला लावला आणि सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. लोकांनी लिहून दिलं म्हणून हे घडलं, याचं मला फार मोल वाटतं.

पत्र दिल्यावर पोच घ्याच: दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. नगरसेवकाच्या हातात दिलेला कागद किंवा ग्रुपवरचा मेसेज म्हणजे हरकत नव्हे.

नियोजन समितीपुढच्या सुनावणीला पाच जण एकदम बोलतात आणि कुणाचंच नीट ऐकलं जात नाही. एकानेच बोलावं, बाकीच्यांनी नकाशे धरावेत.

मुदत हुकली असेल तर? सरकारने मंजुरी देताना सारभूत स्वरूपाचे, म्हणजे मोठे, बदल सुचवले, तर त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. मंजुरीनंतर याच कायद्याच्या कलम ३७ खाली होणाऱ्या फेरबदलांनाही नोटीस लागते. तिथे पुन्हा दार उघडतं.

आरक्षण टिकलं म्हणून फाइल बंद करणं ही शेवटची चूक. दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर मालक कलम १२७ ची सूचना, म्हणजे जागा संपादित करा अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. तुमच्या मैदानावर अशी सूचना आली आहे का, हे माहिती अधिकारात दरवर्षी विचारा.