भाजी अंगच्या पाण्यात शिजवताना

रोजची भाजी बेचव होते ती बहुतेक वेळा मसाला कमी पडल्यामुळे नव्हे, तर पाणी जास्त झाल्यामुळे. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळत असल्याने, भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले की चवीबरोबर पोषणही मोरीत जाते. म्हणून घरच्या साध्या भाजीसाठी ती अंगच्या पाण्यात, वाफेवर शिजवणे मला सर्वांत भरवशाचे वाटते.

भाजी चिरण्याआधी धुवावी. पालेभाजी मोठ्या भांड्यातील पाण्यात बुडवून हाताने वर उपसून घ्यावी. भांडे चाळणीत उपडे केल्यास तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. फोडी एकसारख्या असाव्यात, नाहीतर लहान फोडींचा लगदा होईपर्यंत मोठ्या फोडी कच्च्याच राहतात. गाजरासारख्या कठीण भाजीला साधारण १ सेंटिमीटरच्या फोडी योग्य ठरतात.

अर्धा किलो भाजीला २ लहान चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर, तेल पुरते. तेल पूर्णपणे वगळू नये, कारण गाजर व पालक यांतील बीटा कॅरोटीन शरीरात नीट शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतो. जाड बुडाच्या पसरट भांड्यात तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण परतावा, मग भाजी घालून मध्यम आचेवर दोन मिनिटे हलवावी. त्यानंतर आच मंद करून भांड्यावर काठाची ताटली ठेवावी आणि त्या ताटलीत पाणी ओतावे. ताटलीचा तळ थंड राहिल्याने आतली वाफ त्यावर थेंबांच्या रूपाने जमते आणि पुन्हा भाजीत पडते. त्यामुळे वेगळे पाणी सहसा लागतच नाही. भाजी तरीही तळाला लागू लागली, तर ताटलीतलेच आता गरम झालेले पाणी दोन चमचे घालावे, कारण थंड पाण्याने शिजण्याची क्रिया मंदावते.

कोबीला ५ ते ६ मिनिटे आणि गाजर किंवा फ्लॉवरला ८ ते १० मिनिटे पुरतात, परंतु घड्याळापेक्षा सुरीच्या टोकावर विश्वास ठेवावा: ते किंचित अडखळत आत गेले की भाजी झाली. मला स्वतःला गाजर थोडे करकरीतच आवडते.

पालेभाजीवर मात्र झाकण ठेवू नये. पानांतून सुटणारी आम्ले वाफेबरोबर आत कोंडली गेली, की हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाऊन भाजी काळपट हिरवी पडते. उघड्या भांड्यात पालक २ ते ३ मिनिटांत शिजतो. रंग टिकवण्यासाठी खाण्याचा सोडा घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पाने गिळगिळीत होतात आणि क व ब१ जीवनसत्त्वे नष्ट होतात.

पालेभाजी शिजून आळते, तेव्हा मीठ नेहमी ती आळल्यानंतरच घालावे. आधी अंदाजाने घातलेले मीठ हमखास जास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या आहारात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. आंबट पदार्थही शेवटीच घालावा, कारण आम्लामुळे बटाटा किंवा फरसबी लवकर मऊ होत नाही. लिंबाचा रस तर गॅस बंद केल्यावरच पिळावा. तसे केल्याने त्यातील क जीवनसत्त्व उष्णतेने फारसे कमी होत नाही आणि पालेभाजीतील लोह शोषले जाण्यास मदत होते.